ग्रीक सणांची बिस्किटं घरच्यांसोबत करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलोमाकारोना, कुराबिएदेस आणि कुलुराक्या या तीन ग्रीक बिस्किटांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मापं शक्यतो वजनात दिली आहेत, कारण वाटीत मैदा दाबून भरला की सहज वीस-तीस ग्रॅम जास्त जातो आणि या तिन्ही प्रकारांत तेवढ्यानेही पोत बिघडतो. चहाचा चमचा 5 मिलीचा आणि मोठा चमचा 15 मिलीचा धरला आहे.

1. ही तीन बिस्किटं म्हणजे नक्की काय? कुठलं कोणत्या सणाला करतात?

मेलोमाकारोना नाताळची. ऑलिव्ह तेल, संत्र्याचा रस, दालचिनी आणि लवंग घालून केलेली लांबट गोल बिस्किटं मधाच्या पाकात बुडवून वर अक्रोडाची भरड पेरतात. कुराबिएदेसही नाताळचीच, लोणी आणि भाजलेल्या बदामांची, वरून आयसिंग शुगरचा जाड थर असलेली. लग्नात आणि बाळाच्या बाप्तिस्म्यालाही ती वाटतात. उत्तर ग्रीसमध्ये काव्हालाजवळचं नेआ कारवाली हे गाव कुराबिएदेससाठी प्रसिद्ध आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या 1923च्या करारानंतर लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा तुर्कस्तानातल्या कापादोक्यातून आलेल्या निर्वासितांनी ते वसवलं. कुलुराक्या ईस्टरची: लोणी-अंड्याची, पीळ घातलेली, वरून अंड्याचा बलक लावून चकाकी आणलेली. पाक नाही, वर साखर नाही, चहा-कॉफीत बुडवून खायची.

2. कुराबिएदेस म्हणजे आपली नानखटाईच ना?

जवळची नातेवाईक म्हणा. दोन्हीकडे भरपूर स्निग्ध, पाणी जवळपास नाही, त्यामुळे तोंडात विरघळणारा पोत. फरक तीन ठिकाणी पडतो. नानखटाईत तूप आणि बहुधा बेसन किंवा रवा असतो, कुराबिएदेसमध्ये बराच वेळ फेटलेलं लोणी आणि मैदा. वेलची-जायफळाच्या जागी गुलाबपाणी किंवा संत्र्याच्या फुलांचं पाणी येतं. आणि गोडवा आत कमी, बाहेर जास्त असतो. म्हणूनच पिठातली साखर वाढवू नका. वरचा थर धरून ते माप ठरलेलं आहे.

3. पहिल्यांदाच करणार आहोत. सुरुवात कशाने करावी?

मेलोमाकारोनापासून. फेटायचं काही नाही, अंडं नाही, लोणी किती मऊ झालं याची काळजी नाही. हात आवरता आला की झालं. या तीन बिस्किटांतलं खरं कसब हाताचंच आहे: मेलोमाकारोनाच्या पिठाला जेमतेम हात लावायचा, कुराबिएदेसचं लोणी कंटाळा येईपर्यंत फेटायचं, आणि कुलुराक्याचं पीठ चपातीच्या कणकेइतकं नाही पण वळता येईल इतपत मळायचं. एकाची सवय दुसऱ्याला लावली की बिस्किट फसतं. पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत.

4. मेलोमाकारोनाचं प्रमाण आणि कृती सांगा.

साधारण 35 नगांसाठी: मैदा 500 ग्रॅम, बारीक रवा 100 ग्रॅम, संत्र्याचा ताजा रस 200 मिली, ऑलिव्ह तेल 100 मिली, सूर्यफूल तेल 190 मिली, पिठीसाखर 25 ग्रॅम, एका संत्र्याची किसलेली साल, दालचिनी पूड 1 चहाचा चमचा, लवंग पूड पाव चहाचा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, चिमूट मीठ. पाकासाठी पाणी 300 मिली, साखर 350 ग्रॅम, मध 200 ग्रॅम, दालचिनीचा एक तुकडा, अर्धं संत्रं. वरून अक्रोडाची भरड 100 ग्रॅम.

पाक आधी करून पूर्ण गार करा (किती आटवायचा ते प्रश्न 8 मध्ये). मोठ्या पातेल्यात रस घेऊन त्यात सोडा घाला. तो फसफसून वर येतो, म्हणून पातेलं खरंच मोठं हवं. त्यात दोन्ही तेलं, साखर, साल, मसाले आणि मीठ घालून ढवळा. दुसऱ्या भांड्यात मैदा आणि रवा एकत्र करा आणि ते सगळं एकदम ओल्या मिश्रणात ओता. बोटं पसरून तळापासून वर असं दहा-बारा वेळा उलटवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गोळा गुळगुळीत होणार नाही, व्हायलाही नको.

30 ग्रॅमचे गोळे घेऊन अंड्यासारखा लांबट आकार द्या. वरून काट्याने टोचा किंवा किसणीच्या बारीक बाजूवर हलकेच दाबा. त्या खाचांत पाक आणि अक्रोड धरून राहतात. गोव्यात नाताळच्या कुस्वारासाठी कुलकुल वळायचा स्वच्छ कंगवा घरात असेल तर तोही चालतो. 180 अंशांवर 22 ते 25 मिनिटं भाजा. रंग गडद तपकिरीकडे झुकलेला हवा, फिकी बिस्किटं पाकात विरतात. ओव्हनमधून काढल्या काढल्या गार पाकात, एका वेळी सहा-सात, प्रत्येक बाजूने 10 ते 15 सेकंद. झाऱ्याने काढून जाळीवर ठेवा आणि लगेच अक्रोड पेरा. पाक सुकला की ते चिकटत नाहीत.

5. कुराबिएदेसचं प्रमाण आणि कृती?

साधारण 32 नगांसाठी: बिनमिठाचं लोणी 250 ग्रॅम, आयसिंग शुगर 90 ग्रॅम, एक बलक (ऐच्छिक), गुलाबपाणी 1 मोठा चमचा, ब्रँडी 1 मोठा चमचा (ऐच्छिक), मैदा 380 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, चिमूट मीठ, बदाम 150 ग्रॅम. वरून लावायला आयसिंग शुगर 250 ग्रॅम.

बदाम सालासकट 160 अंशांवर 10 ते 12 मिनिटं भाजून, गार करून जाडसर चिरा. मिक्सरमध्ये फिरवू नका. पूड झाली की तेल सुटतं आणि दाताखाली काहीच येत नाही. लोणी बोट सहज रुतेल इतकं मऊ हवं, वितळलेलं नव्हे. ते साखरेबरोबर इलेक्ट्रिक बीटरने 12 ते 15 मिनिटं फेटा, म्हणजे पिवळं लोणी जवळपास पांढरं होतं. त्यात बलक, गुलाबपाणी आणि ब्रँडी. बीटर बाजूला ठेवून मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि बदाम हाताने हलकेच मिसळा.

28 ग्रॅमचे गोळे करून वरून किंचित दाबा, किंवा चंद्रकोर वळा. नाताळात काही घरांत प्रत्येकावर एक अख्खी लवंग खोचतात. खाताना ती काढायची, हे पाहुण्यांना आधीच सांगा. ताट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग 165 अंशांवर 22 ते 25 मिनिटं भाजा. वरून फिकी आणि तळाला हलकी सोनेरी झाली की काढा. साखरेचं प्रश्न 11 मध्ये.

6. आणि कुलुराक्या?

साधारण 50 नगांसाठी: लोणी 200 ग्रॅम, साखर 180 ग्रॅम, अंडी 2, कोमट दूध 60 मिली, बेकिंग अमोनिया 6 ग्रॅम, संत्र्याची साल, व्हॅनिला, मैदा 560 ते 600 ग्रॅम. वरून एक बलक आणि 1 चहाचा चमचा दूध, हवे तर तीळ.

लोणी-साखर पाच मिनिटं फेटा, अंडी एकेक करून घाला. अमोनिया कोमट दुधात विरघळवून लगेच ओता. मैदा थोडा थोडा घाला आणि पीठ हाताला चिकटायचं थांबलं की उरलेला मैदा घालायचा मोह टाळा. झाकून अर्धा तास ठेवा. 22 ग्रॅमच्या गोळ्याची बोटापेक्षा बारीक, 18-20 सेंटिमीटरची वळी करा, मधोमध दुमडून दोन पीळ द्या. बलक लावून 180 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. पीळ देताना वळी तुटत असेल तर मैदा जास्त झालाय: चमचाभर दूध लावून पीठ पुन्हा एकत्र करा.

7. पाक गरम आणि बिस्किट गार, की उलट?

ग्रीक घरांत दोन्ही पद्धती आहेत. एकच नियम कायम, की एक गरम तर दुसरं गार. दोन्ही गरम असतील तर बिस्किट फुटून पाकात गाळ होतो, दोन्ही गार असतील तर पाक वरच राहतो. आमची पसंती गरम बिस्किट आणि गार पाक. कवच घट्ट राहतं, आत पाक मुरतो. बिस्किटं आधीच गार झाली असतील तर पाक उकळीला आणा, आच मंद करा आणि प्रत्येक बाजूने अर्धा मिनिट बुडवा. पहिलं बिस्किट मोडून पाहा: पाक मध्यापर्यंत पोहोचलेला हवा, पण लगदा नको.

8. पाक एकतारी करायचा का?

नाही. गुलाबजामच्या पाकाहूनही पातळ चालतो. पाणी, साखर, दालचिनी आणि संत्रं एकत्र उकळा. साखर विरघळून उकळी आली की चार मिनिटं मोजा आणि गॅस बंद करा. मध त्यानंतर घाला, कारण उकळत राहिला तर त्याचा सुवास उडतो. तार येईपर्यंत आटवलेला पाक गार झाल्यावर इतका दाट होतो की बिस्किटात शिरतच नाही, आणि दोन दिवसांनी वर पांढरी साखर दिसू लागते. एवढ्या पाकातला काही उरणार हे धरूनच माप दिलं आहे, कारण शेवटच्या बिस्किटांनाही बुडायला खोली हवी. उरलेला गाळून फ्रीजमध्ये ठेवा.

9. मेलोमाकारोनाच्या पिठातून तेल सुटतंय. मैदा वाढवू का?

मैदा वाढवू नका. तेल सुटलं म्हणजे पीठ मळलं गेलं. मैद्यातलं ग्लुटेन ताणलं की ते तेल धरून ठेवत नाही, पीठ रबरासारखं होतं आणि बिस्किट कडक निघतं. वर आणखी मैदा घातला की ते कोरडंही होतं. थोडंच सुटलं असेल तर पीठ न हलवता 20 मिनिटं झाकून ठेवा, रवा काही तेल-रस शोषून घेतो. मग निथळलेलं तेल टिपून बिस्किटं वळा. हातात तेलाचं तळं साचत असेल तर ते पीठ मऊ होणार नाही. त्याची पातळ बिस्किटं करून कोरडीच खा आणि नवीन पीठ भिजवा.

10. कुराबिएदेस पसरल्या. दुसऱ्या वेळी उचलतानाच भुगा झाला. का?

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पसरतात तेव्हा लोणी जास्त मऊ झालेलं असतं किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नसतो. मुंबईच्या मे महिन्यात लोणी ओट्यावर दहा मिनिटांत वितळायला लागतं. तिथे फेटलेलं मिश्रणही मैदा घालण्याआधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. भुगा होण्याचं बहुतेक वेळा कारण घाई: गरम असताना ती मुळातच ठिसूळ असतात, ताटातच 15 मिनिटं राहू द्या. गार झाल्यावरही मोडत असतील तर मैदा जास्त पडला आहे किंवा बदामाचे तुकडे फार मोठे आहेत.

11. वरची साखर ओली होऊन चिकट लेप होतो. काय चुकतं?

गरम बिस्किटावर साखर लावली की ती वितळते. कोमट असताना गुलाबपाण्याचा अगदी हलका फवारा मारा आणि चाळणीने पातळ थर द्या. हा थर थोडा चिकटायलाच हवा. पूर्ण गार झाल्यावर दुसरा, जाड थर. घरी वाटलेली साधी पिठीसाखर दमट हवेत लवकर पाणी धरते, म्हणून 200 ग्रॅम साखरेत 1 मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून वाटा. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा ते असतंच. पावसाळ्यात किंवा किनाऱ्यावर राहत असाल तर दुसरा थर खायला देताना लावा.

12. लोण्याऐवजी साजूक तूप चालेल?

कुराबिएदेसमध्ये चालेल. ग्रीसमध्येही अनेक जण मेंढी-शेळीच्या दुधाचं, पाणी आणि साका काढलेलं लोणी वापरतात. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्ध असतं, बाकी मुख्यतः पाणी; तुपात पाणी नसतं. म्हणून 250 ग्रॅम लोण्याच्या जागी 205 ग्रॅम तूप आणि 2 मोठे चमचे गार दूध घ्या. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तूप फेटून फुलत नाही. खमंग कढवलेल्या तुपाचा वास गुलाबपाण्याला झाकतो, तेव्हा हलकं कढवलेलं बरं. पावाला लावायचं खारं बटर मात्र नको, खारटपणा साखरेच्या थरातूनही कळतो. कुलुराक्यात अर्धं लोणी बदलून तूप घेता येईल, सगळं नाही. पीळ तुटायला लागतात.

13. बेकिंग अमोनिया म्हणजे काय? तो सुरक्षित आहे का?

ते अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात खाद्य दर्जाचं मिळतं. साफसफाईच्या अमोनियाशी गल्लत करू नका. उष्णतेने त्याचा अमोनिया वायू, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन सगळं उडून जातं आणि बिस्किट आरपार खुसखुशीत होतं. भाजताना डोळ्यांना झोंबणारा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा, ओव्हनचं दार उघडताना तोंड लांब ठेवा आणि कच्चं पीठ मुलांना चाखू देऊ नका. गार झाल्यावरही वास येत असेल तर बिस्किट जाड वळलं गेलंय किंवा कच्चं राहिलंय. जाड केकमध्ये तो वापरत नाहीत ते याचमुळे. मिळाला नाही तर 2 चहाचे चमचे बेकिंग पावडर मैद्यात मिसळा. चव तीच, पोत थोडा मऊ.

14. आमच्याकडे अंडं चालत नाही.

मेलोमाकारोनात अंडं नसतंच. कुराबिएदेसमधला बलक सरळ वगळा. कुलुराक्यात अंड्याला पर्याय शोधत बसण्यापेक्षा ग्रीकांचीच उपवासाची तेलातली कुलुराक्या करा: ऑलिव्ह किंवा सूर्यफूल तेल 125 मिली, संत्र्याचा रस 125 मिली, साखर 100 ग्रॅम, सोडा अर्धा चहाचा चमचा, दालचिनी, आणि मैदा 375 ते 400 ग्रॅम. कडी वळून तिळात घोळवा, 180 अंशांवर 20 मिनिटं भाजा. तीळ चिकटायला हलका पाण्याचा हात पुरतो.

15. उपवासाची म्हणजे? त्यांच्या उपवासाला मैदा चालतो?

चालतो. बहुतेक ग्रीक ज्या ख्रिस्ती पंथाचे आहेत त्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळाआधी 15 नोव्हेंबरपासून चाळीस दिवस मांस, दूध-लोणी आणि अंडी वर्ज्य असतात; धान्यावर बंदी नसते. मेलोमाकारोनात तेल असतं, लोणी नसतं, त्यामुळे ती त्या दिवसांतही चालतात. लोण्याच्या कुराबिएदेसना उपवास सुटण्याची वाट पाहावी लागते. मध त्या उपवासाला चालतो, पण व्हीगन पाहुणे असतील तर विचारून घ्या; मधाऐवजी तेवढाच गोल्डन सिरप घालता येतो.

16. ब्रँडी किंवा ऊझो (ग्रीक दारू) वगळली तर चव जाईल?

फारशी नाही. तेवढाच संत्र्याचा रस घ्या. ऊझोची बडीशेपेसारखी चव हवीच असेल तर अर्धा चहाचा चमचा बडीशेप पूड. गुलाबपाण्याच्या जागी गुलाबाचा इसेन्स वापरणार असाल तर दोनच थेंब, नाहीतर सरबताचा वास येतो.

17. सगळं तेल ऑलिव्हचंच का नको?

चालेल, पण तिखट-कडवट एक्स्ट्रा व्हर्जिन असेल तर पूर्ण मात्रा मधावर मात करते. एक तृतीयांश ऑलिव्ह आणि बाकी बिनवासाचं तेल हे प्रमाण सुरक्षित. घाण्याचं शेंगदाणा तेल वापरलं तर बिस्किटाला शेंगदाण्याचीच चव येते.

18. मैद्याऐवजी कणिक?

मेलोमाकारोनात पाव हिस्सा कणिक खपते, वर 1 मोठा चमचा रस जास्त घाला. कुराबिएदेसमध्ये नको, कोंड्याने पोत खरखरीत होतो.

19. ओव्हन नाही. कढईत जमतील?

जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकून 15 मिनिटं मध्यम आचेवर तापवा आणि कुराबिएदेस एका वेळी सहा-सात भाजा. 25 ते 30 मिनिटं लागतात. मेलोमाकारोनाला वरूनही चांगला रंग लागतो, तो कढईत येत नाही. छोट्या ओटीजीत मात्र तिन्ही होतात. त्यात वरचा रॉड जवळ असल्याने तापमान 10 अंश कमी ठेवा आणि निम्म्या वेळेनंतर ताट फिरवा.

20. घरात आठ-दहा जण आहेत, त्यांत लहान मुलंही. कामं कशी वाटायची?

एका दिवसात सगळं करायला जाऊ नका. आदल्या संध्याकाळी पाक करा, बदाम भाजून चिरा, अक्रोड कुटा. दुसऱ्या दिवशी आधी कुराबिएदेस, कारण त्यांना ओव्हन कमी तापलेला लागतो. त्या भाजत असताना मेलोमाकारोनाचं पीठ भिजवा. पीठ एकाच माणसाने भिजवायचं. दोघा-तिघांचे हात लागले की ते मळलं जातंच (प्रश्न 9). वजन करून गोळे पाडायला एक जण बसवा. गोळे सारखे नसतील तर छोटे करपतात आणि मोठे कच्चे राहतात.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना कुलुराक्याचे पीळ उत्तम जमतात. ग्रीक घरांत ईस्टरच्या आठवड्यात हे काम त्यांच्याकडेच येतं. मुलं कडी, गोगलगाय, स्वतःच्या नावाचं अक्षर असं काहीही वळतात. वळू द्या, फक्त जाड आकार वेगळ्या ताटात भाजा. साखर चाळणं आणि अक्रोड पेरणं हीही त्यांची कामं. पाकाजवळ आणि गरम ताटांजवळ मोठ्यांनीच राहायचं. एक वर्षाखालच्या बाळाला मधामुळे मेलोमाकारोनाचा तुकडाही देऊ नका.

21. किती दिवस टिकतात? एकाच डब्यात भरली तर?

एका डब्यात कधीच नाही. मेलोमाकारोनाचा ओलावा कुराबिएदेसच्या साखरेला लागतो आणि दोन्ही वाया जातात. मेलोमाकारोना झाकलेल्या डब्यात, फ्रीजबाहेर, दोन आठवडे. फ्रीजमध्ये ती कडक होतात. कुराबिएदेस आणि कुलुराक्या घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे, थरांमध्ये बटर पेपर घालून. आधी करून ठेवायची असतील तर मेलोमाकारोना पाकाशिवाय भाजून ठेवा आणि हवी तेव्हा गरम पाकात बुडवा (प्रश्न 7). अक्रोड दमट हवेत लवकर खवट होतो, तो फ्रीजरमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी एक चाखून पाहा. कुरिअरने पाठवायला कुलुराक्या सर्वांत बिनधोक.

22. ग्रीक ईस्टर आपल्या कॅलेंडरमधल्या ईस्टरच्या दिवशीच असतो का?

दरवेळी नाही. ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरची तारीख जुन्या ज्युलियन गणनेने काढतं, म्हणून ती बहुतेक वर्षी मागे पडते. 2025 मध्ये दोन्ही 20 एप्रिललाच आले. 2026 मध्ये गोवा-वसईचा ईस्टर 5 एप्रिलला आणि ग्रीसचा 12 एप्रिलला. 2027 मध्ये ग्रीसचा 2 मे रोजी. नाताळ मात्र ग्रीसमध्येही 25 डिसेंबरलाच असतो.